‘दॅन’ची उजवी बाजू : बंगळुरूच्या इतिहासातून इंग्रजी तुलना

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत किंवा प्रकल्प अहवालात हमखास सापडणारे एक वाक्य आहे : ‘पूर्वीपेक्षा आज शहर खूप वाढले आहे.’ इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्याचे रूप साधारण असे होते : ‘कम्पेअर्ड टू ओल्डन डेज, सिटी इज मोअर डेव्हलप्ड.’ या वाक्यात व्याकरणाच्या चुका शोधल्या तर एखादा ‘द’ राहिला, एवढेच हाती लागेल. अडचण दुसरीच आहे. ‘ओल्डन डेज’ म्हणजे कोणते दिवस? ‘सिटी’ म्हणजे कुठपासून कुठपर्यंत? आणि ‘डेव्हलप्ड’ कशात? तुलना केल्यासारखे वाटते, पण काहीच मोजलेले नसते.

या टिपणात दोन काळांतील परिस्थितीची तुलना इंग्रजीत कशी मांडायची ते पाहू. उदाहरणे बहुतेक बंगळुरूची आहेत. एक तर मी इथे शिकवतो; शिवाय या शहराच्या आकड्यांत तुलनेचे जवळजवळ सगळे सापळे एकाच ठिकाणी भेटतात. शालेय शिक्षण मराठीतून झाले आणि पदवीला इंग्रजीत लिहावे लागते, असे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचा आणि मग वहीत रोमन लिपीत उतरवा. स्पेलिंगचाही सराव होईल.

पेक्षा, किंत आणि दॅन

मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. ‘हे तळे मोठे आहे’ आणि ‘हे तळे त्या तळ्यापेक्षा मोठे आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘मोठे’ तसेच राहते. सगळे काम ‘पेक्षा’ करतो, किंवा जुन्या वळणाचा ‘हून’ करतो. कन्नडमध्येही हेच चालते. ‘इदक्किंत’ म्हणजे ‘यापेक्षा’, आणि पुढचे विशेषण जसेच्या तसे. त्यामुळे माझ्या वर्गात बेळगावचा मराठी मुलगा आणि मंड्याची कन्नड मुलगी एकच चूक करतात : ‘धिस लेक इज बिग दॅन दॅट लेक.’ इंग्रजीत खूण दोन ठिकाणी करावी लागते. विशेषणाला ‘अर’ जोडायचा किंवा त्याच्या आधी ‘मोअर’ ठेवायचा, आणि पुढे ‘दॅन’ आणायचा. विसरण्याच्या भीतीने काही जण दोन्ही लावतात आणि ‘मोअर बिगर’ लिहितात.

संस्कृत या बाबतीत इंग्रजीच्या जवळ होती : उच्च, उच्चतर, उच्चतम. हे प्रत्यय आज मराठीत तत्सम शब्दांपुरते उरले आहेत. मात्र त्याच ‘तर’ आणि ‘तम’पासून झालेला ‘तारतम्य’ हा शब्द आपण रोज वापरतो. एखाद्याला तारतम्य नाही म्हणतो तेव्हा त्याला अधिक काय आणि कमी काय हे कळत नाही, असेच म्हणायचे असते.

‘दॅन’चीही एक गंमत आहे. इंग्रजीतले ‘दॅन’ आणि ‘देन’ हे मुळात एकाच जुन्या शब्दाचे दोन उच्चार. त्यांची स्पेलिंगे पूर्ण वेगळी व्हायला साधारण १७०० साल उजाडले. म्हणजे तुलनेच्या या शब्दात ‘मग, त्यानंतर’ हा काळाचा अर्थ आधीपासूनच दडलेला होता.

मराठी विद्यार्थ्याला खरी अडचण येते ती ‘दॅन’च्या उजवीकडे. मराठीत ‘पेक्षा’ थेट वर्षाला लावता येतो : ‘आज शहराची लोकसंख्या १९०१पेक्षा जास्त आहे.’ कुणाचाही गोंधळ होत नाही. तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले, ‘द पॉप्युलेशन इज हायर दॅन १९०१’, तर त्याचा सरळ अर्थ होतो की लोकसंख्या एक हजार नऊशे एक माणसांहून जास्त आहे. ते खरेच आहे, पण सांगायचे ते नाही. इथे ‘दॅन इन १९०१’ किंवा ‘दॅन इट वॉज इन १९०१’ हवे. दुसऱ्या रूपातला ‘वॉज’ नीट पाहा. डावीकडे ‘इज’, उजवीकडे ‘वॉज’. इंग्रजी वाक्य दोन्ही काळांना आपापले क्रियापद देऊ शकते. मराठी वाक्यात उजव्या काळाला क्रियापद लागतच नाही, म्हणून आपण ते विसरतो. हीच गोष्ट ‘दॅट ऑफ’ची. ‘द पॉप्युलेशन ऑफ बंगळुरू इज लार्जर दॅन मैसूर’ या वाक्यात लोकसंख्येची तुलना एका गावाशी होते. ‘दॅन दॅट ऑफ मैसूर’ म्हटले की लोकसंख्येची लोकसंख्येशी होते.

‘दॅन इट यूज्ड टू बी’ हे रूप कानाला गोड लागते, पण त्यात तारीख नसते. आठवणी लिहिताना वापरा, अहवालात टाळा.

१९०१ साली काय झाले होते

आता आकडे. जनगणनेनुसार बंगळुरूची लोकसंख्या १८९१ साली १,८०,३६६ होती, १९०१ साली १,५९,०४६ आणि १९११ साली १,८९,४८५. समजा, एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘इन १९११ बंगळुरू वॉज नाइन्टीन पर्सेंट लार्जर दॅन इन १९०१.’ व्याकरण निर्दोष आहे आणि हिशेबही बरोबर आहे. वाचणारा मात्र समजेल की शहर जोरात वाढत होते, रेल्वे आणि कारखाने लोकांना ओढून आणत होते.

मधली गोष्ट अशी की १८९८ साली बंगळुरूत प्लेगची साथ आली. माणसे मेली, आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे घरे बंद करून शहराबाहेर गेली. जुन्या पेठेतली दाटी धोक्याची ठरली आणि मल्लेश्वरम, बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींना गती मिळाली. प्लेगमरिअम्मा नावाच्या देवीची देवळे या शहरात आजही आहेत. म्हणजे १९०१चा आकडा खड्ड्यात उभा असलेला आकडा आहे. १९११ची तुलना १८९१शी केली तर वाढ जेमतेम पाच टक्के निघते, तीही वीस वर्षांत. दोन्ही वाक्ये खरी आहेत. ‘दॅन’च्या उजवीकडे कोणते वर्ष बसवायचे हे व्याकरणाचे पुस्तक सांगू शकत नाही, त्या वर्षी काय घडले होते ते माहीत असावे लागते. दोन वर्षांतून एकच निवडायचे नसेल तर दोन्ही द्या : ‘नाइन्टीन पर्सेंट लार्जर दॅन इन १९०१, बट ओन्ली फाइव्ह पर्सेंट लार्जर दॅन इन १८९१, बिफोर द प्लेग.’ शेवटचे तीन शब्द सगळा इतिहास सांगतात.

याच आकड्यात आणखी एक पेच आहे. १९०१ साली बंगळुरू नावाची दोन गावे होती : मैसूर संस्थानच्या ताब्यातले शहर, म्हणजे जुनी पेठ आणि तिच्या भोवतालचा भाग, आणि इंग्रजांच्या ताब्यातले सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन, म्हणजे कँटोन्मेंट. पहिल्यात ६९,४४७ माणसे होती, दुसऱ्यात ८९,५९९. जुन्या पुस्तकात ‘बंगळुरू सिटी’पुढे दिसलेला आकडा उचलला तर निम्म्याहून अधिक शहर हातातून सुटते. स्टेशन १९४७मध्ये मैसूरला परत मिळाले आणि १९४९मध्ये दोन्हींची मिळून एक महानगरपालिका झाली.

याच्या उलट चूक अलीकडच्या आकड्यांत होते. २००१च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्रात सुमारे ४३ लाख लोक होते. २०११मध्ये सुमारे ८४.४ लाख. ‘बंगळुरू हॅड ऑलमोस्ट ट्वाइस अ‍ॅज मेनी पीपल इन २०११ अ‍ॅज इन २००१’ असे वाक्य कितीतरी निबंधांत भेटते. पण २००७ साली आसपासच्या सात नगरपालिका, एक छोटी नगरपालिका आणि ११०  गावे शहरात सामील करून बृहत् महानगरपालिका झाली. माणसे आली हे खरेच, पण बरीचशी माणसे आपापल्या घरीच होती. हद्द त्यांच्यापर्यंत आली. दोन्ही वर्षी सारखीच हद्द असलेला बंगळुरू शहर जिल्हा घेतला तर लोकसंख्या ६५.३७ लाखांवरून ९६.२१ लाखांवर गेली, म्हणजे वाढ ४७ टक्के. ‘दुप्पट’ कुठे आणि ‘दीडपट’ कुठे! रस्ते, गटारे आणि शाळा किती लागतील याचा अंदाज बांधणाऱ्याने पहिले वाक्य खरे धरले तर पुढचा सगळा हिशेब फसेल.

१८७१च्या आधीच्या काळाबद्दल तर आणखी जपून लिहावे. शहाजीराजांना १६३८च्या सुमारास बंगळुरू जहागीर म्हणून मिळाले आणि त्यांचा दरबार इथे भरत असे. मराठी वाचकाला हा काळ जवळचा वाटतो. पण तेव्हा आजच्या अर्थाने जनगणना नव्हती. ‘द टाउन वॉज स्मॉलर दॅन इट इज टुडे’ हे कुणीही कबूल करील. किती लहान, हे विचारले की गप्प बसावे लागते. अशा वेळी इंग्रजीत ‘प्रॉबेब्ली’ आणि ‘अपिअर्स टू हॅव बीन’ हे शब्द कामाला येतात. ‘द पेटे अपिअर्स टू हॅव बीन बिझिअर...’ असे लिहिणे हा कमकुवतपणा नसून पुराव्याचे वजन सांगणे आहे.

पट आणि पटींनी

१९०१चे १.५९ लाख आणि २०११चे ८४.४ लाख यांत सुमारे ५३ पटींचा फरक आहे. हे इंग्रजीत कसे लिहायचे? स्वच्छ मार्ग ‘अ‍ॅज... अ‍ॅज’चा : ‘फिफ्टी-थ्री टाइम्स अ‍ॅज मेनी पीपल अ‍ॅज इन १९०१.’ ‘फिफ्टी-थ्री टाइम्स मोअर’ असेही लोक लिहितात, पण काटेकोर वाचक विचारतो की मूळ एक अधिक त्रेपन्न, म्हणजे चोपन्न का? मराठीत ‘५३ पट झाली’ आणि ‘५३ पटींनी वाढली’ यांत हाच घोळ आहे. तिथे कानाडोळा चालतो. तुमच्या अहवालात चालू नये. आणि हद्दीचा मुद्दा इथेही सुटत नाही, कारण १९०१चे बंगळुरू आजच्या शहराच्या पोटात एका कोपऱ्यात मावेल. म्हणून वाक्याला ‘विदिन देअर रिस्पेक्टिव्ह बाउंडरीज’ अशी शेपटी जोडणे बरे.

तळी कमी, पाणी जास्त?

मराठीत ‘कमी’ एकच. इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्युअर’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’. बंगळुरूची तळी त्यासाठी चांगले उदाहरण आहेत. मॅजेस्टिकचा मोठा बसस्टँड आहे तिथे धर्माम्बुधि तळे होते. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम आहे; करग उत्सवापुरता त्याचा एक लहान तुकडा ठेवला आहे. कोरमंगला तळ्यावर १९९७च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी वसाहत उभी राहिली. ‘द सिटी हॅज फ्युअर लेक्स दॅन इट हॅड’ हे बरोबर. ‘धर्माम्बुधि नो लाँगर एग्झिस्ट्स’ हेही बरोबर, आणि ‘नो लाँगर’मध्येही तुलनेचे रूप लपलेले आहे : ‘लाँग’चे ‘लाँगर’.

पण तळी कमी झाली म्हणजे शहराला पाणी कमी मिळते का? इथे ‘लेस वॉटर’ लिहिणारा घसरतो. तळी आणि विहिरी अपुऱ्या पडल्यावर १८९०च्या दशकात अर्कावती नदीवरच्या हेसरघट्टा तलावातून नळाने पाणी आणले गेले. १९३३मध्ये त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. १९७४मध्ये कावेरीचा पहिला टप्पा आला, रोज १३.५ कोटी लिटरचा. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेला पाचवा टप्पा रोज ७७.५ कोटी लिटर आणण्यासाठी बांधला आहे. ‘द फिफ्थ स्टेज अलोन इज डिझाइन्ड टू ब्रिंग मोअर दॅन फाइव्ह टाइम्स अ‍ॅज मच वॉटर अ‍ॅज द फर्स्ट.’ माणसांसाठी ‘अ‍ॅज मेनी’, पाण्यासाठी ‘अ‍ॅज मच’. ‘इज डिझाइन्ड’ हे शब्दही गाळू नका : क्षमता आणि प्रत्यक्षात घरी पोहोचलेले पाणी या दोन गोष्टी आहेत.

म्हणजे नळाचे पाणी वाढले. मग २०२४च्या उन्हाळ्यात, पाचवा टप्पा यायच्या आधी, हजारो बोअरवेल आटल्या आणि टँकरच्या रांगा लागल्या त्या का? कारण ‘मोअर’ कशाचे, हा प्रश्न उरतोच. अर्कावतीचे पाणी शहराच्या शेजारचे होते. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येते आणि पंपांनी सुमारे पाचशे मीटर वर चढवावे लागते. ते प्रमाणाने अधिक आहे, अंतराने दूरचे आहे, विजेवर अधिक अवलंबून आहे. आणि हद्दीत नव्याने आलेल्या गावांना बरीच वर्षे ते मिळतच नव्हते, त्यांची भिस्त बोअरवेलवर होती. ‘द सिटी हॅज मोअर पाइप्ड वॉटर दॅन एव्हर, बट इट्स आउटर वॉर्ड्स वेअर लेस सिक्युअर दॅन इट्स सेंटर.’ वाक्याच्या पहिल्या भागात काळाची तुलना आहे, दुसऱ्यात जागेची. चांगल्या इतिहासलेखनात या दोन्ही तुलना पुष्कळदा एकत्र लागतात. ‘लाइफ वॉज सिम्पलर’ सारख्या ‘दॅन’शिवाय लटकणाऱ्या तुलना म्हणूनच मला खटकतात. कोणाचे जगणे सोपे होते? सार्वजनिक विहिरीवर ज्यांना पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांचे?

उत्तमावस्थेबद्दल एवढेच सांगतो. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्राची वीज १९०२मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०५मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले. ‘कोलार गॉट इलेक्ट्रिसिटी थ्री इयर्स अर्लिअर दॅन बंगळुरू’ हे वाक्य सिद्ध करता येते. ‘बंगळुरू आशियातले विजेचे दिवे लागलेले पहिले शहर’ हे अभिमानाने सांगितले जाते. पण शांघायमध्ये १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते. ‘अर्लिअर’साठी दोनच ठिकाणे तपासावी लागतात, ‘अर्लिएस्ट’साठी सगळी.

२७ रुपये आणि ३० रुपये

काळाच्या तुलनेवर इंग्रजीत झालेला आपल्याकडचा सर्वांत मोठा वाद दादाभाई नौरोजींच्या नावाशी जोडलेला आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणित शिकवत, हे अभियांत्रिकीच्या मुलांना मी मुद्दाम सांगतो. १८६७–७०च्या काळासाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातले दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. १८८२मध्ये सरकारी अंदाज २७ रुपयांचा झाला. १९०१मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांनी ३० रुपयांचा आकडा मांडला आणि त्यावरून देश गरीब होत चालला नसल्याचा दावा केला. त्याच वर्षी दादाभाईंचा ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा ग्रंथ निघाला.

‘थर्टी इज मोअर दॅन ट्वेन्टी-सेव्हन.’ यात वाद नाही. ११ टक्के वाढ. पण १८८२चा रुपया आणि १९०१चा रुपया बाजारात सारखेच धान्य आणत होते का? मधल्या काळात १८९६–९७चा दुष्काळ आणि १८९९–१९००चा छप्पन्नाचा दुष्काळ पडून गेला होता. भाव ११ टक्क्यांहून अधिक चढले असतील तर हातातले रुपये वाढूनही माणूस अधिक गरीब झाला. म्हणून अर्थशास्त्राच्या इंग्रजीत ‘इन रिअल टर्म्स’ हे शब्द जोडतात : ‘रिचर इन रुपीज, पुअरर इन रिअल टर्म्स.’ शिवाय हे सगळे अंदाज होते, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले. प्रयोगशाळेत तुम्ही वाचनाच्या पुढे अधिक-उणे चूक लिहिता. या आकड्यांपुढे ती लिहिली तर तीन रुपयांचा फरक त्या चुकीतच बुडण्याची शक्यता आहे. तेव्हा ‘मोअर’ म्हणण्याऐवजी ‘नॉट क्लिअरली डिफरंट फ्रॉम’ म्हणणे प्रामाणिक ठरते, भले कोणत्याही बाजूला ते आवडणारे नसो.

सरावासाठी

१. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या थोडी घटली; १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ त्याचे मुख्य कारण. तुमच्या जिल्ह्याचे १९११, १९२१ आणि १९३१चे आकडे शोधा. १९३१ची तुलना आधी १९२१शी आणि मग १९११शी करणारी दोन इंग्रजी वाक्ये लिहा. दोन्हींत ‘दॅन इट वॉज इन’ वापरा.

२. तुमच्या गावाची किंवा शहराची हद्द शेवटची कधी वाढली ते नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. त्या वर्षाच्या आधीचा आणि नंतरचा लोकसंख्येचा आकडा घेऊन ‘अ‍ॅज मेनी... अ‍ॅज’चे वाक्य करा आणि हद्दीची अट त्यात जोडा.

३. हे वाक्य दुरुस्त करा : ‘नाउ-अ-डेज अवर टाउन इज हॅविंग मोअर बेटर वॉटर कम्पेअर टू १९८०.’ व्याकरणाच्या चुका पाच मिनिटांत निघतील. त्यानंतर ‘बेटर’च्या जागी काय लिहायचे ते ठरवण्यासाठी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना विचारा की १९८० साली पाणी कुठून आणत, किती खेपा लागत आणि कोण आणत असे.